तिसऱ्या हाकेपर्यंत

"ताई, उसाला तोड आली," एवढं सांगायला संजूनं फोन केला होता. मग टोळी कुठली, कोयते किती, ट्रॅक्टर कुणाचा, हे सगळं तो सांगत बसला आणि मी नुसती हं हं करत राहिले. आमच्या दौंडच्या घरामागून मालगाडी चालली होती, मांडणीवरची भांडी थरथरत होती. शेवटी तो म्हणाला, "आबांनी बोलवलंय तुला. म्हणाले, निमीला म्हणावं, फड संपायच्या आत ये."

फोन ठेवला आणि मला एकदम राग आला. कुणाचा, ते कळेना. मुलगी समोर आली, तिच्यावर निघाला. तिचा बिचारीचा काय दोष! ती फक्त विचारत होती, की मामाच्या गावाला जायचं तर मीही येऊ का. मी इतक्या जोरात नाही म्हणाले की ती बघतच राहिली.

गेल्या वर्षी ह्याच दिवसांत, तोडीला आठवडा असताना, आमची आई त्या उसात शिरली, ती जिवंत घरी आली नाही. तेव्हा तो नव्या लागणीचा ऊस होता. तिचं तेरावं झालं आणि तो तुटून गेला. पण लागण तुटली तरी जमिनीत बुडखे राहतात, पाणी दिलं की तेच फुटतात, त्याला खोडवा म्हणतात. म्हणजे ह्या वर्षी जो उभा होता तो नवा नव्हे. तोच ऊस, त्याच मुळांवर, पुन्हा डोक्याच्या वर गेलेला.

हा मोसम मला आधी कानाला कळतो. दिवाळी सरली की आमच्या मांडवगण फराट्याच्या बाजूला माणूस दिसायचा बंद होतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस, मधे गाडीपुरती जागा. पुढं चाललेला माणूस वळणावर गेला की गेला. मग त्याचं खोकणं ऐकायचं, चप्पल ऐकायची, वाळल्या पाचटात पाय पडल्याचा चुरचुर आवाज ऐकायचा. सकाळी नदीकडून धुकं येतं, तेव्हा तर स्वतःच्या हातातली चरवी दिसत नाही. आणि वारा नसतानाही ऊस बोलतो. एकदा ऐकाच थांबून. आत कुणीतरी लुगडं सावरत चाललंय असंच वाटतं.

आई मूळची कवठे येमाईची. तालुका एकच, पण तिच्या लहानपणी तिकडं सगळं उघडं रान. बाजरी, मटकी, मधे एखादी बाभळ. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती ह्या हिरव्या भिंतींमधे आली. "आमच्या कवठ्यात माणूस कोसावरनं दिसतं," ती सांगायची, "हितं नुसतं ऐकू येतं. आन् जे ऐकू येतंय ते माणूसच हाय कशावरनं?" असं म्हणून ती खो खो हसायची. आम्ही दोघं भावंडं तिच्या पदरात तोंड लपवायचो आणि पुन्हा सांग, पुन्हा सांग म्हणून तिच्या मागं लागायचो.

तिच्या तोंडी अशी वाक्यं सारखी असायची. ती तिची स्वतःची. गावात दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी ती ऐकली नाहीत. धुकं पडलं की म्हणायची, "नदी उठून बसलीया. तिला चूळ भरू द्या, मग जावा शाळंला." मी आरशापुढं रेंगाळले की, "लई बघू नगं गं निमे, आतली कंटाळून निघून जाईल." दिवस मावळताना अंगणात खेळत असलो की, "आधी सावली घरात घ्या, मग तुमी या." आणि आम्ही खरंच सावली आत पडेल असं उंबऱ्यावर उभं राहायचो, आणि मग उडी मारायचो.

जेवायला बसताना ती आमचे हात बघायची. माझे बघायची, संजूचे बघायची, आणि मग आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघून विचारायची, "आन् तिसऱ्यानं धुतलं का?" बाई गं! आम्ही दोघंच होतो. आमच्या आधी नाही, मागं नाही, कुणी गेलेलं नाही, काही नाही. मोठेपणी मी आत्यालासुद्धा खोदून विचारलं. आत्या म्हणाली, "कसलं काय! तुमी हात धुवावं म्हणून करायची ती येडी." खरं असेल. पण मी अजूनही जेवायला बसताना मधे जागा सोडते आणि मग स्वतःलाच शिव्या घालते.

त्या काळात आमच्याकडं बिबट्या नव्हता. तो नंतर आला, ऊस वाढत गेला तसा. आता तर बाया खुरपायला जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात आणि कमरेला मोबाईल लावून मोठ्यानं गाणी वाजवतात. आईला ते पट्ट्याचं काही पटलं नाही. ती बांधावर उभी राहायची आणि उसाकडं तोंड करून, शेजारणीशी बोलावं तसं मोठ्यानं विचारायची, "जेवलास का रं? बरं, बस तिथंच. मी आल्ये." आणि आत शिरायची. मी एकदा तिला झापलं होतं, "आई, हे काय पोरखेळ?" ती म्हणाली, "आगं, त्याला बी कुणी विचारत नसंल."

पण ह्या सगळ्या वाक्यांत एक होतं ते नुसतं गमतीचं नव्हतं. तो घरचा नियम होता.

"पहिली हाक वाऱ्याची, दुसरी हाक उसाची, तिसरी आली तर आईची."

म्हणजे उसातून आपल्या नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही. दुसरी आली तरी नाही. तिसरी आली की मगच "ओऽ" म्हणायचं आणि आवाजाच्या दिशेनं जायचं. उसात आवाजाचा भरवसा नसतो हे खरंच आहे. पूर्वेला उभ्या माणसाचा आवाज पश्चिमेकडून येतो, आणि पोरं आवाजामागं शिरली की वाट चुकतात. तिचं म्हणणं एवढंच असावं, की घाई करू नका, नीट कान द्या, माणूस ओळखा. पण ते सरळ सांगेल तर ती आमची आई कसली! तिनं त्याचा खेळ केला. ती नेहमी तीन हाका मारायची. दोन झाल्या की आम्ही श्वास धरून, तोंडावर हात दाबून, हसू आवरत उभे राहायचो. तिसरी आली की दोघंही एकदम ओरडायचो. कधी कधी आम्ही धावत पोचलो की ती डोळे मोठे करून म्हणायची, "तीन? मी तर दोनच मारल्या." मग जी पळापळ व्हायची!

मी दौंडला नांदायला आले, पोरांची आई झाले, तरी तिचं तेच. मोबाईल आला तेव्हाही तिनं नियम मोडला नाही. दोन मिस्ड कॉल द्यायची आणि तिसऱ्यांदा फोन लावायची. मीही तिसऱ्याच वेळी उचलायचे. माझा नवरा म्हणायचा, तुम्ही मायलेकी डोक्यावर पडल्या आहात.

त्या सकाळी मी मांडवगणला होते. दोन दिवसांची रजा काढून गेले होते, आईचा गुडघा दुखत होता म्हणून. साडेसात झाले असतील. धुकं असं की ओट्यावरून अंगणातली तुळस दिसत नव्हती. आबा टोळीच्या मुकादमाला भेटायला रस्त्याकडं गेले होते, संजू गावात नव्हता. आई म्हणाली, "पाटाची चारी फुटली का काय बघून येते, पाण्याचा आवाज येतोय." फोन खिडकीत चार्जिंगला होता, तो तसाच राहिला. बांधावर उभं राहून तिनं त्या बिबट्याला जेवलास का विचारलेलं मी ऐकलं. मग पाचट चुरचुरलं आणि ती आत गेली.

मी चहा टाकला. कप हातात घेऊन ओट्यावर आले, तेव्हा पहिली हाक आली. "निमेऽ"

मला इतकं बरं वाटलं. चाळीस वर्षांची बाई मी, केस पिकलेली, आणि आईला अजून खेळावंसं वाटतंय! मी मुद्दाम गप्प राहिले.

दुसरी आली. "निमे." जरा बारीक. मला वाटलं, ती पुढं गेली असेल.

आणि मी तिसरीसाठी उभी राहिले. हसत. हे मला कधीच सांगता आलं नाही कुणाला, की मी हसत उभी होते. ओ तोंडात तयार होती. ऊस हलत होता, धुकं हलत होतं, कुठंतरी टिटवी ओरडली. तिसरी हाक आली नाही. मी कपातला चहा संपवला. गार झाला होता. मग बंबात लाकूड सारलं, अंथरुणं घड्या केली. मधे एकदा दारात येऊन कान दिला. काही नाही. म्हटलं, विसरली असेल, गुडघा धरून बसली असेल बांधावर.

आबा आले आणि म्हणाले, "ही कुठं गेली?"

मग आम्ही शोधायला निघालो. ती सातव्या सरीत सापडली, उसाला पाठ टेकून बसलेली, एक हात छातीवर, पदर नीट. चारी फुटलेली नव्हती. शेजारच्या वस्तीवरचे रफिकमामा पिकअप घेऊन धावत आले, मागं गादी टाकून तिला शिरूरला नेलं. जीव अजून थोडा होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे होऊन किती वेळ झाला?" आबांनी माझ्याकडं बघितलं. मी आबांकडं बघितलं. मला माहीत होतं. मिनिटांत सांगता आलं असतं. मी म्हणाले, "माहीत नाही हो." दुपारच्या आत ती गेली.

तेव्हापासून वर्षभर आबा दर आठवड्याला फोन करतात. पोरांचं विचारतात, पाण्याचं सांगतात, आणि फोन ठेवता ठेवता अगदी सहज विचारल्यासारखं करतात, "निमे, तिनं हाक मारली आसंल का गं?" आणि मी दर वेळी सांगते, "नाही आबा. मारली असती तर मला आली असती की." मग ते "व्हय, व्हय" म्हणतात आणि फोन बंद होतो. प्रत्येक वेळी वाटतं, आज सांगावं. आणि प्रत्येक वेळी वाटतं, हा माणूस पुन्हा आपलं तोंड बघणार नाही. आई गेलीच आहे, वर आबाही जायचे. मी भित्री आहे. उसाला नाही भीत, आबांना भिते.

फड संपायच्या आत ये, असा निरोप होता म्हणून रविवारी गेले. मुलीला नेलं नाही.

पोचले तेव्हा ऊन तापलं होतं आणि निम्म्यापेक्षा जास्त रान मोकळं झालं होतं. तोडलेल्या उसाचा गोड वास, त्यात वाढ्याचा, शेंड्याच्या पाल्याचा, हिरवा वास. ट्रॅक्टरवर गाणं लागलेलं. शेवटचा तुकडा राहिला की तोडणारे जरा थांबतात. बिबट्याची पिल्लं असली तर ती ह्या शेवटच्या तुकड्यातच सरकत आलेली असतात. म्हणून आधी डबे वाजवतात, ओरडतात, आणि एक बाजू मोकळी सोडून तिन्ही बाजूंनी तोडत येतात. आबा बांधावर मफलर गुंडाळून बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

कोयते चालू झाले. तुकडा लहान लहान होत गेला. आत काही नव्हतं. एक ससा निघाला, तो माणसांच्या पायांतून पळाला आणि बाया हसल्या. आणि मग शेवटच्या सऱ्या आडव्या झाल्या, आणि त्यांच्या पलीकडं आमचं घर दिसायला लागलं.

इतकं जवळ! आमचा ओटा, ओट्यावर वाळत घातलेला टॉवेल, खिडकीतली चार्जरची वायर, सगळं दिसत होतं. सातवी सरी म्हणजे आमच्या दारातच की. वर्षभर मी मनात ते केवढं लांब नेऊन ठेवलं होतं. तिथून साधं बोललेलंसुद्धा ऐकू आलं असतं.

"आबा," मी म्हणाले, आणि मग मला थांबताच येईना. "तिनं हाक मारली होती. दोनदा. मला आल्या दोन्ही. मी तिसरीची वाट बघत बसले. हसत होते मी, आबा. चहा पीत होते. तुम्ही वर्षभर विचारताय आणि मी खोटं सांगत आले. मारा मला."

आबा समोर बघत राहिले. बायका मोळ्या बांधत होत्या. मग ते म्हणाले, "मला ठावं हाय, हाक मारली व्हती ती. मला बी आली."

"काय?"

"मी वरल्या बांधानं येत व्हतो. रस्त्याकडनं. धुकं व्हतं. उसातनं बाईनं हाक मारली. सोपाना, म्हणून."

सोपान हे आबांचं नाव.

"तुज्या आईनं बेचाळीस वर्सांत माजं नाव घेतलं न्हाई गं," आबा म्हणाले. "आवो म्हणायची. न्हाईतर निमीचं आबा म्हणायची. बायामाणसात ह्या नावानं मला एकच हाक मारायची, माजी आय. तिला जाऊन तीस वर्सं झाली. मला वाटलं, आय बोलावती. माजी येळ आली. अंगावर काटाच आला बघ. ओ देऊ नये आसं मनात आलं. कानावर मफलर वढला आन् भराभरा घराकडं निघालो."

त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "ती सापडली तवाच कळलं मला. पर बोलायचं कुणाला? म्हणून तुला इचारीत व्हतो. तू न्हाई म्हणायचीस, मग वाटायचं, आपल्याला भासच झाला आसंल. तेवढा एक आठवडा बरा जायचा."

खरं सांगते, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. ओझ्याला दुसरा हात लागला असं. आणि लगेच त्याची इतकी लाज वाटली, की मी पदर तोंडावर घेतला. मग मला आईच दिसायला लागली. दोनदा मला हाक मारून ती थांबली असेल. पोरगी तिसरीला ओ देणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिसरी तिनं मला मारली नाही. का? तर तिसरीचा दम गोळा होईतो, मी आत वळले होते तेव्हा, वरच्या बांधावर तिला पावलं ऐकू आली असणार. बेचाळीस वर्षं त्या माणसाची चप्पल ती ऐकत होती. माझ्यापेक्षा ते जवळ होते. आवो म्हटलं तर कुणालाही म्हटल्यासारखं, म्हणून तिनं सगळी लाज बाजूला ठेवून जन्मात पहिल्यांदा नाव घेतलं. आणि पाठ उसाला टेकून तिनं ऐकलं असेल, की पावलं थांबली, आणि मग भराभरा लांब गेली.

आबा माझ्याकडं वळले. डोळे लाल झाले होते, पण पाणी नव्हतं.

"निमे," ते म्हणाले, "तिला कळलं नसंल ना गं, तो मी व्हतो म्हणून?"

"नाही आबा," मी म्हणाले. "एवढ्या धुक्यात कसं कळणार?"